तीनशे अकरा मण्यांचे लागेबांधे

६ जानेवारी

शास्त्रज्ञ गेला. सकाळी राजीनामा, दुपारी सगळ्यांशी हात मिळवून झाले, संध्याकाळी खुर्ची रिकामी. मोठ्या कंपनीने उचलला त्याला. मी म्हटलं, "जा बाबा, सुखानं जा. मीही मालकाला सोडूनच मालक झालो." तो हसला, मीही हसलो. पण लेकाचा अर्धं काम टाकून गेलाय, आणि त्यात हसण्यासारखं काही नाही.

ते काम काय हे एकदा लिहून काढतो. पूर्वी दिवसभराचं हिला सांगायचो. ही गेल्याला वर्ष झालं, तेव्हा आता वहीला सांगायचं.

विणताना सूत तुटू नये म्हणून त्याला खळ लावतात. रंगवायच्या आधी ती काढावी लागते. आमच्या कारखान्यात बनणारं एन्झाइम ती खळ खाऊन टाकतं. इतकी वर्षं बिनतक्रार खातंय. पण आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, रंगवाले, एप्रिलमध्ये नवी यंत्रं बसवणार. त्यांत पाणी जवळजवळ उकळतं, आणि तेवढ्या तापात आमचं एन्झाइम अंड्यासारखं शिजून निकामी होतं. ताप सोसणारं एन्झाइम एप्रिलपर्यंत दिलं तर रंगवाले राहतील. ते गेले तर कारखाना विकायचा, दुसरा रस्ता नाही. मेहुणा, म्हणजे हिचा धाकटा भाऊ आणि माझा भागीदार, आजच विकायला तयार आहे.

"भाऊजी, पुष्कळ केलंत. आता घरी बसा."

"घरची खुर्ची टोचते मला," म्हटलं.

घरात आहे कोण, हे नाही म्हटलं.

१० जानेवारी

रविवार. मुलीचा फोन. लहानपणापासून मी तिला ठिणगी म्हणतो, का ते तिच्याशी दोन मिनिटं बोललेल्या कोणालाही विचारावं. लांबच्या शहरात असते. प्रथिनांचे आकार शोधून काढायचे, हाच तिचा धंदा.

रविवारचे प्रश्न ठरलेले. जेवलास का, गोळी घेतलीस का, कामाला बाई येते का. उत्तरंही ठरलेली. हो, हो, हो. चहा गार व्हायच्या आत फोन संपतो. ही होती तेव्हा त्या दोघी बोलत बसायच्या आणि मी पलीकडच्या खोलीतून ऐकायचो. मला वाटायचं, मीही बोलतोच आहे.

आज हो-हो-हो झाल्यावर म्हटलं, "ठिणगे, शास्त्रज्ञ पळाला. तो म्हणे आमच्या एन्झाइमचे कॉन्टॅक्ट मोजत होता. हे काय प्रकरण असतं?"

ती एकदम जागी झाली. मग जी सुरू झाली ती माझा दुसरा कप रिकामा होईपर्यंत. मला कळलं ते असं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. आमच्या एन्झाइमात तीनशे अकरा मणी आहेत. माळ सरळ नसते, गुंडाळून तिचा गोळा झालेला असतो. त्यामुळे दहावा मणी दोनशेव्याच्या गळ्यात पडलेला असू शकतो. कोण कोणाला शिवलंय हे मोजलं की गोळा कशाच्या जोरावर टिकलाय ते कळतं, आणि कुठला मणी बदलला तर तो आणखी घट्ट होईल याचा अंदाज बांधता येतो.

"म्हणजे लागेबांधे," मी म्हटलं. "मग सोपं आहे. जन्मभर तेच केलं मी. मी मोजू का?"

ती जरा थांबली. "मोज की. पण हातानंच मोजावं लागतं हं, बाबा. वेळ लागेल."

"वेळेला काय तोटा आहे माझ्याकडे!"

१३ जानेवारी

ठिणगीने फाइल पाठवली. शास्त्रज्ञाकडची नको म्हणाली, किचकट आहे. तिने साफ करून दिली. संगणकावर उघडली तर पडद्यावर रंगीत दोऱ्याचा गुंता, मांजराने खेळून टाकल्यासारखा. हे आपलं एन्झाइम! इतकी वर्षं पिंपांत भरून विकलं, चेहरा आज पाहिला.

नियम लिहून घेतले. प्रत्येक मण्याच्या मधोमध एक कार्बन असतो, तो धरायचा. दोन मण्यांच्या कार्बनमधलं अंतर आठ अँगस्ट्रॉमच्या आत असेल तर ते एकमेकांना शिवतात म्हणायचं. एका मिलिमीटरचे कोटी तुकडे केले की त्यातला एक म्हणजे अँगस्ट्रॉम. एकेका मण्यावर टिचकी मारायची, आसपासच्यांची अंतरं बघायची आणि आलेखाच्या कागदावर त्या दोघांच्या चौकटीत खूण करायची. माळेतले लगतचे तीन मणी सोडून द्यायचे.

"का? ते तर सगळ्यात जवळचे."

"ते दोऱ्यानं बांधलेत, बाबा. त्यांना जवळ राहण्यावाचून इलाज नाही. लांबचे असून जवळ आलेत ना, ते मोज."

आलेखाचे कागद चिकटवून जेवणाच्या टेबलावर पसरले. सहा माणसांचं टेबल आहे. बऱ्याच दिवसांनी त्याला काम मिळालं.

२१ जानेवारी

बावीस मणी झाले. हळू चाललंय, पण हाताला वळण पडलं. अर्धाच कागद भरायचा असतो. अकरावा नव्वदाव्याला शिवला की नव्वदावा अकराव्याला शिवलाच. माणसांत असा हिशेब नाही. मेहुणा मला पुष्कळ शिवून असतो, मी त्याला अजिबात नाही.

आता एक दिवसाआड फोन होतो. काल विचारलं, "आठच का? एखादा साडेआठवर बसलेला असला तर?"

"कुठे तरी रेघ ओढावी लागते."

"त्या साडेआठवाल्याला हे सांगणार कोण?"

हसली. असं मोकळं हसणं बऱ्याच महिन्यांत ऐकलं नव्हतं.

माझे कान तिखट आहेत. पंपाचं बेअरिंग जायला आलं की मला फाटकातून कळतं. फोनवरही मी बोलण्यापेक्षा मागचं जास्त ऐकतो. फोन चालू असताना पूर्वी हमखास कुलपात किल्ली फिरायची, दार उघडायचं आणि तिचा जोडीदार आत यायचा. तो लांबूनच "नमस्कार" ओरडायचा. चांगला माणूस आहे. हल्ली किल्ली ऐकू येत नाही. नवं कुलूप बसवलेलं दिसतं, आवाज न करणारं. त्याच्या कामाची वेळही बदलली असेल.

२ फेब्रुवारी

कारखान्यात गंमत. मुकादम आत आला, दार लावून घेतलं आणि उभाच राहिला.

"बस की."

"नको साहेब. एक विचारायचं होतं. तुम्ही घरी नकाशा काढताय म्हणे."

"काढतोय."

"म्हणजे जागा विकायचं पक्कं झालं?"

कामाच्या बाईने टेबलावर चौकटी चौकटींचा कागद पाहिला, तिने तिच्या बहिणीला सांगितलं, बहीण आमच्या पॅकिंगमध्ये. कारखान्याच्या जमिनीचे प्लॉट पाडतोय मी! मुकादमाला सगळं समजावलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "साहेब, प्लॉटच पाडत असाल तर मला खरं सांगा. असलं काही तरी सांगू नका."

घरी येऊन हसलो. हसलेलं सांगावं म्हणून ठिणगीला फोन लावला. तो दिवस मधला होता, आमचा नव्हता, तरी तिने उचलला. मागे एका ताटलीत एका चमच्याचा आवाज येत होता.

"जेवतेस का? मग नंतर करतो."

"नको, बोल. ठेवू नकोस."

११ फेब्रुवारी

दीडशेच्या पुढे गेलो. कागदावर आता नक्षी उमटायला लागली आहे. माळ जिथे स्प्रिंगसारखी वळली आहे तिथे मधल्या तिरक्या रेघेला चिकटून काठ दिसतो, आणि जिथे पुढे जाऊन उलटी परत आली आहे तिथे आडवा फाटा फुटतो. थेट कापड. मी सोळाव्या वर्षी रंगशाळेत बॉयलर खरवडायला लागलो, तेव्हापासून कापड बघतोय. ठिणगीला म्हटलं तर म्हणाली, "आमच्याकडच्या पोरांना हे कळायला वर्ष लागतं." मला बरं वाटावं म्हणून म्हणाली असेल. बरं वाटलं.

प्रामाणिकपणे एक नोंद करतो. आज जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर मला माहीत होतं. परवाही तसंच.

मेहुणा येऊन कागद बघून गेला. "भाऊजी, हे कामाचं आहे की विरंगुळा?" मी म्हटलं, "कामाचं." तो म्हणाला, "मग दुसरा शास्त्रज्ञ का ठेवत नाही?" यावर मी त्याला चहा विचारला.

२४ फेब्रुवारी

तीनशे अकरा पूर्ण. शेवटची खूण केली आणि उभा राहिलो. वाटलं होतं आनंद होईल. खोलीत कोणी नसलं की आनंदाला बसायला जागा मिळत नाही.

पण हाताला एक गोष्ट लागली आहे. एकशे सत्याऐंशीवा मणी. त्याच्या ओळीत एकही खूण नाही. बाहेरच्या बाजूला हात पसरून लटकलेला. त्यात जात तेलकट. ठिणगीनेच शिकवलंय, तेलकट मणी पाण्यापासून लपतात, आत दाटीवाटीने बसतात, आणि पाणी आवडणारे बाहेर राहतात. मग हा तेलकट गडी पाण्यात एकटा काय करतोय? कोणाच्या उपयोगाचा नाही, स्वतः सुखात नाही. त्याला काढून तिथे पाणी आवडणारा बसवला तर गोळा नक्की घट्ट होईल. माझा हिशेब मला तरी बिनचूक वाटतो.

ठिणगीला सांगितलेलं नाही. एकदम निकालच सांगेन. एकदा तरी तिने म्हणावं, बाबा, हे तुला सुचलं?

२६ फेब्रुवारी

जीन बदलून एन्झाइमचा नमुना बनवून देणाऱ्या प्रयोगशाळेला बदल कळवला. एकशे सत्याऐंशीवा काढा, हा बसवा. पाच आठवडे म्हणाले. म्हणजे रंगवाल्यांची वेळ जेमतेम गाठू. मेहुण्याने सही केली, पण पेन उघडताना एवढा मोठा श्वास सोडला की शेजारच्या टेबलावरचा कागद हलला.

९ मार्च

ठिणगीचा फोन. "आता कुठला मणी?"

"चाललंय."

"काही अडलंय का?"

"नाही, सगळं सुरळीत."

"बरं." मग थोड्या वेळाने पुन्हा, "बरं. गोळी घेतलीस?"

गुपित सांभाळणं सोपं नाही. तिचा आवाज पडलेला वाटला. कामाचा ताण असणार.

२१ मार्च

फोन पुन्हा रविवारवर आला. हो, हो, हो. टेबलावरचा कागद उचलून कचेरीच्या भिंतीवर लावला. घरात जेवायला पुन्हा सगळं टेबल मोकळं.

५ एप्रिल

नवं एन्झाइम आलं. आमच्या टेस्टिंगबाईंनी तपासलं. नवंजुनं सोबत तापवायचं, मग खळीच्या पाण्यात घालायचं आणि आयोडिनचे थेंब टाकायचे. एन्झाइम जिवंत असेल तर खळ खातं आणि पाणी निळं होत नाही. निळं झालं की समजायचं एन्झाइम मेलं.

नव्या यंत्रांच्या तापाला जुनं निळं. नवंही निळं.

"ताप कमी करून बघा," मी म्हटलं.

कमी केला. जुनं स्वच्छ. नवं निळं.

आणखी कमी केला. बाईंनी नळी उजेडात धरली. निळी. साध्या गरम पाण्यातही मान टाकत होतं. जुन्यापेक्षा वाईट!

"साहेब, पुन्हा करू का? माझा हात चुकला असेल."

त्यांचा हात कधी चुकत नाही. माझ्यासाठी म्हणाल्या.

६ एप्रिल

ठिणगीला सगळं सांगितलं. कुठला मणी, कशासाठी, कसा. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही.

"बाबा, एकशे सत्याऐंशी?"

"हो. एकटाच होता गं. कोणाला शिवत नव्हता."

"एकटा नव्हता. तुमचं एन्झाइम जोडीनं राहतं. दोन माळा, दोन गोळे एकमेकांना टेकून. तो तेलकट मणी दुसऱ्या गोळ्यात रुतलेला असतो. तिथेच तर ती जोडी धरलेली आहे."

"पण फाइलमध्ये तर एकच होता."

"मूळ फाइलमध्ये दोन होत्या. तुला मोजायला सोपं जावं म्हणून मी एक काढून टाकली." आवाज अगदी बारीक झाला. "सांगायचं राहिलं. तू निवडशील तेव्हा मला विचारशीलच असं वाटलं. मी... मी नंतर करते फोन."

ठेवला. नंतर म्हणजे कधी, ते बोलली नाही. चिडली असणार. चिडायलाच पाहिजे, न विचारता उद्योग केला मी.

१३ एप्रिल

रविवार गेला, फोन नाही. आज रंगवाल्यांकडे स्वतः गेलो. त्यांच्या वडिलांच्या रंगशाळेतच मी बॉयलर खरवडायचो. रंगवाले तेव्हा शाळेत जायचे. अजून मला 'बॉयलर' म्हणतात, चारचौघांत सुद्धा.

"ये बॉयलर, बस. तोंड का उतरलंय?"

खरं ते सांगितलं. आणखी दोन महिने मागितले.

ते नवीन यंत्राच्या पत्र्यावर हात फिरवत राहिले. "मार्चच्या सुरुवातीला आला असतास तर थांबलो असतो रे. आई शप्पथ थांबलो असतो. तुझ्याकडून काही निरोपच नाही. गेल्या आठवड्यात दुसऱ्यांना शब्द दिला. शब्द मोडू का, सांग."

"मोडू नका," म्हटलं.

त्यांनी यंत्र फिरवून दाखवलं. छान चालतं. बेअरिंगचा आवाज नाही.

मेहुण्याला फोन करून सांगितलं, गिऱ्हाईक बघ. तो 'मी सांगत होतो' म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

२२ एप्रिल

घेणारी कंपनी मोठी आहे. त्यांनी आमचं संशोधन बघायला एक शास्त्रज्ञ बाई पाठवल्या. पन्नाशीच्या, हसऱ्या. भिंतीवरचा कागद बघून थबकल्या.

"हे हातानं केलंय?"

"हो. तीनशे अकरा मणी."

"किती सुरेख! पण का? याची तर एक कमांड असते." खुर्ची ओढली, जुन्या शास्त्रज्ञाची मूळ फाइल उघडली, एक ओळ टाइप केली. त्यांचं बोट कळीवरून उठायच्या आत पडद्यावर सगळी यादी हजर. दोन्ही माळांची, एकमेकींत रुतलेल्या जागांसकट. एकशे सत्याऐंशीपुढे सात नावं होती.

"हातानं मोजा असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"मुलीनं. तीही यातलीच आहे."

"यातलीच?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विषय बदलला. पिंपं कुठून घेता, वगैरे. जाताना ती ओळ चिठ्ठीवर लिहून दिली.

संध्याकाळपासून डोकं फिरलंय. माझ्याच मुलीने मला पाटी-पेन्सिल देऊन कोपऱ्यात बसवलं! म्हातारा गप्प राहील, डोकं खाणार नाही. आणि मी हौसेने रेघोट्या मारत बसलो. रंगवाले जे दोन महिने थांबायला तयार होते, ते त्या रेघोट्यांत गेले.

२३ एप्रिल

फोन केला. आवाज चढवूनच बोललो. "कमांड असते हे तुला माहीत होतं?"

"हो."

"मग मला का लावलंस मोजायला?"

ती म्हणाली, "तू एक दिवसाआड फोन करत होतास ना, बाबा."

मी विचारतोय काय, ही सांगते काय! मी म्हटलं, "हे उत्तर झालं का?" ती म्हणाली, "नाही झालं." आणि रडायला लागली. ठिणगी. आई गेली तेव्हा सुद्धा माझ्यासमोर रडली नव्हती. मी फोन ठेवला.

२७ एप्रिल

कागदपत्रांसाठी मेहुण्याकडे गेलो होतो. काम झाल्यावर सहज म्हटलं, तुझी भाची माझ्यावर नाराज आहे. तिच्या त्या जोडीदारालाच सांगतो जरा समजूत घालायला.

मेहुण्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "भाऊजी, तो कुठाय आता? डिसेंबरमध्येच गेला घर सोडून. ती एकटीच असते. तुम्हाला नाही सांगितलं?"

"तुला कोणी सांगितलं?"

"तिनंच. म्हणाली, बाबांना नको सांगूस मामा, त्यांचं आधीच एवढं झालंय."

मी चष्म्याकडे बघत राहिलो. डिसेंबर. मी जानेवारीत लिहिलंय ते आता घरी येऊन मागची पानं उलटून वाचलं. आवाज न करणारं कुलूप! एवढे तिखट कान, आणि ऐकलेल्याचा अर्थ लावणारा मात्र गाढव.

मेहुणा जिना उतरेपर्यंत सोबत आला. कधी येत नाही.

३ मे

चार वेळा नंबर काढला, चार वेळा फोन खाली ठेवला. पाचव्यांदा लावला. जोडीदाराचं काही बोललो नाही. तिला सांगायचं असेल तेव्हा सांगेल.

तिनेच विचारलं, "रंगवाले गेले ना? मामा म्हणाला. बाबा, ते माझ्यामुळे गेले. जानेवारीतच यादी दिली असती तर..."

मी म्हटलं, "खुळी आहेस का? ते जाणारच होते. डिसेंबरातच दुसऱ्यांशी बोलून ठेवलं होतं त्यांनी. मला एप्रिलमध्ये कळलं. तू सोन्याचं एन्झाइम दिलं असतंस तरी गेले असते."

"खरं?"

"धंद्याच्या बाबतीत मी कधी खोटं बोललोय?"

"कायम."

"मग हे तेवढं खरं धर."

ती नाक पुसत हसली. विश्वास ठेवला की ठेवल्यासारखं केलं, ते मी ऐकायचा प्रयत्न केला नाही. सगळं ऐकलंच पाहिजे असं कुठे आहे?

३१ मे

सह्या झाल्या. माणसं सगळी कामावर ठेवायची अट घातली होती, ती पाळली त्यांनी. मुकादम फाटकापर्यंत आला.

"साहेब, तो नकाशा खरंच प्लॉटचा नव्हता ना?"

"नव्हता रे."

"नाही, असता तरी चाललं असतं. मी सहज विचारलं."

भिंतीवरचा कागद त्या शास्त्रज्ञ बाईंनी मागून घेतला. माझ्या हातात काही नव्हतं, तर हात कुठे ठेवावे कळेना. खिशात घातले आणि चालत घरी आलो.

८ जून

दिवस फार लांब असतात. सकाळी दाढी करतो, कपडे घालतो, मग बसतो. टोचणारी खुर्ची तीच.

आज रविवार नव्हता तरी संध्याकाळी फोन वाजला.

"बाबा, तो गेला. माझ्याबरोबर राहणारा. डिसेंबरात."

"हं," मी म्हटलं. "जेवतेस का नीट?"

"हो."

"एकटी जेवतेस तेव्हा फोन लावून समोर ठेवत जा. मी बोलणार नाही. ऐकेन नुसता."

फोन मग बराच वेळ कोणी ठेवला नाही.

१५ जून

ठिणगीकडून फाइल आली. सोबत दोन ओळी. तिच्या प्रयोगशाळेतलं नवीन प्रथिन आहे, अजून बाहेर कोणाला दाखवलेलं नाही. चार माळा आहेत, एकही काढलेली नाही. मोजशील का?

शास्त्रज्ञ बाईंची चिठ्ठी पाकिटात होतीच. ती ओळ टाइप केली. पापणी लवायच्या आत सगळी यादी आली. चारही माळांचे लागेबांधे, पानंच्या पानं. वर-खाली फिरवून पाहिली, मग पुसून टाकली.

दुकानात जाऊन आलेखाचे कागद आणले. चार माळा म्हणजे टेबल पुरणार नाही, जमिनीवर पसरावे लागतील. चटई गुंडाळली, खुर्च्या भिंतीला लावल्या. पहिला मणी मोजला. दुसरा मोजला. तिसऱ्यापाशी उगाच अडलो आणि तिला फोन लावला.